बर्फाची भट्टी

मी एक जुनी बर्फाची भट्टी आहे. हसलात ना? भट्टीत लोखंड तापते, विटा भाजतात. बर्फाचे तिथे काय काम, असेच तुमच्या मनात आले असणार. मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण असाच हसतो, म्हणून मला त्याचा राग येत नाही, मित्रांनो. हसून झाल्यावर माणूस दोन पावले जवळ येतो, वाकून पाहतो आणि विचारतो, "पण हे होतं कसं?" हा प्रश्न मला फार आवडतो. तो ऐकला की माझ्या गंजलेल्या पत्र्यातही तरतरी येते.

आता मी एका तंत्रशाळेच्या कार्यशाळेत उभी आहे. माझी एक कूस कापून तिथे काच बसवली आहे. पोटात काय काय आहे ते विद्यार्थ्यांना दिसावे म्हणून. पण काचेतून नळ्या दिसतात, माणसे दिसत नाहीत. ती मीच सांगायला हवीत.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका लांबट शेडमध्ये झाला. शेडच्या एका टोकाला वेल्डिंगचा पडदा होता, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली एक टेबल. टेबलावर नेहमी अर्धा प्यालेला चहा असायचा आणि त्यात हमखास लोखंडाचा कीस पडलेला असायचा. ते टेबल इंजिनीअरबाईंचे. बाई उंचीने बुटक्या, आवाजाने मोठ्या आणि स्वभावाने कमालीच्या चौकस. दाराची कडी कुरकुरली तरी ती का कुरकुरते हे शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वेल्डिंगच्या पडद्यामागे वेल्डरमामा. ते बाईंच्या नात्यातले नव्हते, पण सगळी शेड त्यांना मामाच म्हणायची. मामा दिवसभरात जेमतेम चार वाक्ये बोलत, आणि त्यांतली दोन 'बघू' अशी असत.

बाईंना माझी कल्पना सुचली ती त्यांच्या थोरल्या भावामुळे. दादा सैन्यात टँकरचालक होता. दूरदूरच्या तळांवर तो डिझेल पोहोचवायचा. जिथे वीज नाही, झाड नाही, जवळपास वस्ती नाही, असे ते तळ. रस्ता म्हणजे नुसती वाळूत उमटलेली चाकोरी. वारा सुटला की तीही पुसली जाई. दादा सुट्टीवर येई तेव्हा बहिणीच्या शेडमध्ये उलट्या पिंपावर बसून गप्पा मारी. असाच एकदा तो म्हणाला, "चिमे, तुला एक गंमत सांगू? आमच्या तळांवर बर्फ पाण्याचा होत नाही. डिझेलचा होतो."

"म्हणजे रे?"

"म्हणजे काय म्हणजे! डिझेल जाळायचं, त्यावर जनरेटर चालवायचा, जनरेटरवर बर्फाचं यंत्र. औषधं गार ठेवायला बर्फ, मांस-भाजी टिकवायला बर्फ, उन्हानं कोणी कोसळला तर त्याच्यासाठी बर्फ. तो एवढासा गोळा बनवायला किती डिझेल खातं ते यंत्र! आणि ते डिझेल कोण आणतं? मी. कधी कधी मला वाटतं, मी टँकर नाही, बर्फाची गाडीच चालवतोय."

तो हसला, पण बाई हसल्या नाहीत. दादाच्या बरोबरीचा एक चालक त्याच रस्त्यावर जिवानिशी गेला होता, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला. "जनरेटरच्या धुराड्याला हात लावलायस कधी?"

"एकदाच लावला. पुन्हा लावायची हौस राहिली नाही."

"म्हणजे ती सगळी धग हवेत जाते. फुकट."

"मग? धगीचा काय बर्फ करणार आहेस?"

 दादाच्या तोंडून थट्टेत निघालेला तो प्रश्न बाईंच्या डोक्यात मात्र ठाण मांडून बसला.

मित्रांनो, धगीचा बर्फ खरोखर होतो. कसा, ते ऐका. इंजेक्शनच्या आधी हातावर स्पिरिट लावतात, तेव्हा तिथे गार वाटते ना? स्पिरिट उडून जाते आणि जाताना हाताची ऊब घेऊन जाते. माझ्या पोटात हेच घडते. खाली एक बंद टाकी आहे, तिच्यात एक जातीचे स्पिरिट आहे. ते विषारी असते, म्हणून कोणी चाखायला जाऊ नका. वर दुसऱ्या टाकीत नारळाच्या करवंट्यांपासून केलेला कोळसा आहे. तो साधा कोळसा नव्हे. त्याला डोळ्यांना न दिसणारी इतकी भोके असतात, की मूठभर कोळशाच्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर खेळाचे मैदानही पुरणार नाही. असा कोळसा गार झाला की त्याला स्पिरिटच्या वाफेची तहान लागते. तो वाफ पीत सुटतो. खालचे स्पिरिट भराभर उडू लागते आणि उडताना आजूबाजूच्या पाण्याची सगळी ऊब ओढून नेते. पाण्याचा बर्फ होतो. कोळशाचे पोट भरले की त्याला जनरेटरच्या धुराड्याची धग द्यायची. तो प्यायलेली वाफ सोडून देतो. ती वाफ पत्र्यांच्या जाळीत वाऱ्याने निवते, तिचे पुन्हा स्पिरिट होते आणि ते थेंब थेंब खाली येते. कोळसा गार झाला, की पुन्हा तहान. एवढेच माझे जगणे. त्यात ना फिरणारी मोटर, ना जास्तीचे डिझेल.

सांगायला हे सोपे आहे. मला घडवताना मात्र बाई आणि मामांच्या नाकी नऊ आले. माझ्या पोटात हवेचा लवलेशही चालत नाही. सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तरी हवा आत शिरते आणि कोळशाची तहानच मरते. मामा जोड द्यायचे, बाई तपासणीपुरती आत पंपाने हवा भरून जोडावर साबणाचे पाणी लावायच्या, कुठे बुडबुडा दिसला की दोघेही त्याच्याकडे चोर पकडल्यासारखे बघायचे. मामा म्हणायचे, "बघू." आणि पुन्हा पडद्यामागे ठिणग्या उडायच्या.

शेवटी एकही बुडबुडा उरला नाही. मला शेडमधल्या जुन्या जनरेटरला जोडले. दिवसभर धग दिली, मग निवू दिले. सकाळी बाईंनी झाकण उघडले. साच्यांत पाणीच होते. त्यांनी थर्मामीटर बुडवला. तो सांगत होता की पाणी बर्फाहूनही गार आहे. आणि पाणी तर पाण्यासारखे डुचमळत होते!

"थर्मामीटर बिघडलाय," बाई म्हणाल्या. दुसरा आणला. त्यानेही तेच सांगितले.

"दोघं मिळून खोटं बोलतायत," मामा म्हणाले. त्यांच्या मानाने हे फार मोठे वाक्य होते.

असे बऱ्याच सकाळी घडले. कधी बर्फ व्हायचा, कधी नाही, आणि का ते कोणालाच कळेना. माझी मला लाज वाटे. मी तर सगळे बरोबर करत होते. पाण्याची ऊब काढून घेत होते. मग ते हट्टी पाणी बर्फ का होत नव्हते? मलाही ते कोडेच होते.

एकदा सकाळी दादा सुट्टीवर आला आणि थेट शेडमध्ये डोकावला. बाई झाकण उघडून त्या गार पाण्याकडे टक लावून बसल्या होत्या. दादाने "काय गं, अजून धगच शिजतेय का?" असे म्हणत हातातला जेवणाचा डबा धाडकन माझ्या कडेवर ठेवला.

आणि काय सांगू, मित्रांनो! माझ्या अंगातून एक शिरशिरी गेली. साच्यातल्या पाण्यात एका कोपऱ्यातून पांढऱ्या सुया धावत सुटल्या. करकर असा बारीक आवाज आला, आणि बघता बघता सगळे पाणी दुधी झाले, थिजले. बाईंनी बोट लावले. बर्फ!

"दादा, काय केलंस तू?"

"मी? मी कशालाही हात लावला नाही! डबा ठेवला फक्त!"

"मग पुन्हा ठेव."

त्या सकाळी शेडमध्ये दुसरे कामच झाले नाही. दुसऱ्या साच्यावर डबा आपटला, तिसऱ्यावर मामांनी हातोडी टिचकीसारखी वाजवली, चौथ्यात बाईंनी बर्फाचा एवढासा कण टाकला. कण पडताच पाणी त्याच्याभोवती गोठत गेले, जणू त्याचीच वाट पाहत होते. बाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या. पाणी अगदी स्वच्छ असले आणि साचे नवे गुळगुळीत असले, तर पाणी गारठूनही गोठायचे विसरून जाते. त्याला सुरुवात करून द्यावी लागते.

"अरे, ह्याला विरजण हवंय!" बाई ओरडल्या. "दूध कितीही वेळ ठेवा, विरजणाशिवाय दही लागतं का? तसंच हे!"

मग माझ्या प्रत्येक साच्याच्या तळाशी एक इवलीशी खोल वाटी केली. बर्फ काढून घेतला तरी त्या वाटीत थोडा उरायचा, आणि पुढच्या पाण्याला विरजण लागायचे. त्या दिवसापासून मी कधी पाण्याला गोठायचे विसरू दिले नाही.

मला पाहायला सैन्याकडून एक मेजरसाहेब आले. ताठ कण्याचे, बारीक मिशीचे. माझ्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "आगीवर बर्फ! उद्या पाण्यावर दिवे लावाल."  बाईंनी माझे झाकण उघडून एक लादी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. साहेबांनी ती बराच वेळ हातात धरली, पाणी बाहीत शिरले तरी. मग विचारले, "पण हे होतं कसं?" तिथेच माझी निवड झाली.

दादाच्याच ताफ्यातून मी तळावर गेले. वाटेत गाडीच्या फळीच्या फटीतून मी बाहेर पाहत होते. आधी रस्त्यावरची झाडे संपली, मग खांब विरळ झाले, मग नुसते आकाश आणि खाली तांबूस जमीन. तळ म्हणजे वाळूच्या पोत्यांच्या भिंती, पत्र्याच्या खोल्या, एक उंच टेहळणी मनोरा आणि मध्ये धडधडणारा जनरेटर. मला त्याच्या शेजारी बसवले. त्याचे धुराडे माझ्या कोळशाच्या टाकीतून नेले, आणि कोळसा निवायच्या वेळी धग बाहेर वळवायला एक झडप बसवली.

जनरेटरची देखभाल करणारा जवान होता, त्याच्या खिशात सदैव एक पाना असायचा, म्हणून सगळे त्याला पानेवाला म्हणत. त्याला मी मुळीच आवडले नाही. "माझ्या जनरेटरचा श्वास कोंडेल," तो कुरकुरला. धुराड्याला कान लावून तो आवाज ऐकत राहिला. पण जनरेटर पूर्वीसारखाच धडधडत राहिला आणि दुसऱ्या सकाळी माझ्यातून बर्फाच्या लाद्या निघाल्या.

सबंध तळ गोळा झाला. आचाऱ्याने एक तुकडा गालात धरला, एकाने मानेवर ठेवला, आणि तळाच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच आपली औषधांची पेटी आणून त्यात बर्फ भरून घेतला. त्या शिस्तीच्या होत्या. "आधी औषधं, मग सरबतं," असा त्यांचा दंडक. तेव्हाच कोणीतरी मला बर्फाची भट्टी हे नाव दिले. विजेवरचे जुने यंत्र बंद झाले. डिझेल इतके वाचू लागले की टँकरच्या फेऱ्या कमी झाल्या. नवा आलेला प्रत्येक जवान माझ्या एका बाजूला हात लावी, चटका बसे. दुसऱ्या बाजूला लावी, गारठा लागे. मग दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघत राही. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

पण कौतुक म्हणजे अळवावरचे पाणी. वाऱ्याचा मोसम आला. धूळ उडू लागली आणि माझ्या पत्र्यांच्या जाळीत साचू लागली. जाळी चोंदली की वाफ नीट निवत नाही, स्पिरिट खाली येत नाही आणि बर्फ पातळ होतो. सुरुवातीला पानेवाला जाळी साफ करायचा. पण त्यासाठी कितीतरी बोल्ट काढून एक जड पत्रा उचलावा लागे, आणि तो पत्रा तापलेल्या नळीला अगदी लागून होता. एकदा त्याचे मनगट भाजले. मग त्याने ते काम पुढच्या आठवड्यावर ढकलले, आणि तो पुढचा आठवडा काही उगवलाच नाही.

माझ्या लाद्या पापडासारख्या पातळ झाल्या. मी माझ्या परीने सांगत होते, मित्रांनो. यंत्राला तोंड नसते. कमी बर्फ देणे हेच माझे बोलणे होते. कोणाला ते ऐकू आले नाही. "भट्टी म्हातारी झाली," आचारी म्हणाला. एके दिवशी धुराड्याची झडप फिरवून धग सरळ हवेत सोडली, आणि जुने यंत्र पुन्हा घरघरू लागले.

माझ्यावर जवानांचे मोजे वाळू लागले. कुणी माझ्या टपावर बसून बूट घालायचा, कुणी पत्ते कुटायचा. त्यात मला वाईट वाटले नाही असे नाही. पण खरे वाईट पुढे घडले. जुन्या यंत्राची भूक मोठी. डिझेल भराभर संपू लागले. मेजरसाहेब त्या दिवसांत तळावर मुक्कामाला होते. त्यांनी रेडिओवरून मागणी केली, "एक टँकर जादा पाठवा." तो जादाचा टँकर घेऊन कोण निघाले असेल, ते तुम्ही ओळखले असेलच. दादा.

तो निघाला आणि मागोमाग वादळ उठले. आकाश विटकरी झाले. मनोराही दिसेना. वादळ शमले तरी टँकरचा पत्ता नव्हता, आणि त्याचा रेडिओही मुका होता. शोधायला गाड्या पाठवाव्यात तर वाट मऊ वाळूखाली, गेलेली गाडी रुतणारच. तळावरचे डिझेल तळाला गेले. मेजरसाहेबांनी हुकूम दिला, जनरेटर फक्त रेडिओपुरता चालेल. बाकी सगळे बंद. बर्फाचे यंत्रही बंद.

डॉक्टरीणबाई तडक जनरेटरपाशी आल्या. "माझी औषधं खराब होतील. ही भट्टी का बंद आहे?"

"चालत नाही ती, मॅडम," पानेवाला म्हणाला.

"चालत नाही, की तू चालवत नाहीस?"

पानेवाल्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "जाळी चोंदलीय, मॅडम. साफ केली तर चालेल."

"मग पाना काय खिशात शोभेला आहे?"

त्यांनी स्वतः बाह्या सरसावल्या. आधी माझ्यावरचे मोजे उचलून फेकले. दोघांनी मिळून बोल्ट काढले, पत्रा उतरवला. दात घासायच्या ब्रशने, काडीने, तोंडाने फुंकर घालून त्यांनी पत्र्यापत्र्यातली धूळ काढली. केवढा ढीग निघाला! मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. रेडिओसाठी जनरेटर चालला तेवढा वेळ त्याचे धुराडे मला मिळाले. धग थोडी होती, पण मी तिचा कण अन् कण पकडला. मग कोळसा निवू लागला, त्याला तहान लागली, आणि साच्यांच्या वाट्यांत विरजणाचा बर्फ उरला नसल्याने पानेवाल्याने जुन्या यंत्रातले शेवटचे चार खडे माझ्या साच्यांत टाकले. पाणी गोठत गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आले असताना मनोऱ्यावरून हाक आली, "माणसं! दोन माणसं येतायत!"

दादाचा टँकर वाळूत रुतला होता. आदल्या दिवसापर्यंत त्याने आणि जोडीच्या चालकाने फावड्याने वाळू उपसली होती. प्यायचे पाणी संपत आले, तेव्हा वाटेच्या कडेचे, वाळूतून डोके काढलेले खुणेचे खांब धरून दोघे चालत निघाले. फाटकाजवळ पोचले तेव्हा जोडीदाराने दादाला जवळजवळ खांद्यावरच घेतले होते. दादाचे अंग तापलेल्या तव्यासारखे होते आणि त्याला घाम येत नव्हता. तो काहीतरी असंबद्ध बरळत होता. "चिमे, चहात कीस पडलाय," असे काहीसे.

"उष्माघात! सावलीत घ्या!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "आधी अंग गार करायचं, बाकी सगळं नंतर. बर्फ आणा!"

पानेवाल्याने माझे झाकण उघडले. लाद्या फार जाड नव्हत्या, पण सगळे साचे भरलेले होते. त्याने त्या छातीशी कवटाळून धावत नेल्या. कपडे धुवायच्या मोठ्या टबात पाणी आणि बर्फ घालून दादाला त्यात बसवले. जवान ओंजळीने त्याच्या डोक्यावर पाणी घालत होते. मी जागची हलू शकत नव्हते. माझे झाकण घाईत उघडेच राहिले होते आणि रिकाम्या साच्यांवर ऊन पडले होते. दिलेला बर्फ पुरेल का, एवढेच माझ्या मनात होते.

डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा त्याची नाडी बघत होत्या. मग टबाच्या दिशेने दादाचा दमलेला, किरटा आवाज आला, "अरे, गारठून मारता काय मला!"

सगळा तळ हसला. पानेवाला मात्र हसला नाही. तो परत आला, माझे झाकण त्याने हळूच लावले आणि माझ्या टपावर डोके टेकून तसाच उभा राहिला. "त्याला मीच त्या रस्त्यावर धाडलं होतं," तो पुटपुटला. ते मला सोडून कोणी ऐकले नसावे.

वाट मोकळी होताच बाई भावाला न्यायला आल्या. खाटेशी बसून आधी त्याचा हात घट्ट धरला आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. "कोणी सांगितलं होतं चालत यायला? शहाणा आहेस का तू?"

"पाणी संपलं होतं गं. तिथं बसून काय करणार होतो? तुझ्या भट्टीचा बर्फ खायला आलो."

बाईंनी डोळे पुसले आणि त्या माझ्याकडे आल्या. काय घडले ते पानेवाल्याने सगळे सांगितले, स्वतःचे काहीही न लपवता. आता बाई भडकणार असे मला वाटले. पण त्यांच्यातली चौकस बाई रागाच्या पुढे धावली. "जाळी साफ करायला एवढा काय त्रास आहे? दे तो पाना. मीच करून बघते."

त्या करू लागल्या. ऊन तापले. बोल्ट निसटून वाळूत पडले, पत्रा उचलताना कोपर नळीला लागले. "आई गं! हे कोणत्या शहाणीनं बनवलंय?"

बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच."

 मग बाईंना असे हसू फुटले की पाना हातातून गळाला. पानेवालाही पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. "शेडमध्ये कधी धूळ उडालीच नाही हो," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, साफ करणं म्हणजे काय, फडकं फिरवलं की झालं."

"मीही कळवलं नाही कोणाला," पानेवाला म्हणाला. "नुसती भट्टी बंद करून बसलो."

त्याच दिवशी एका मोडक्या गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या काढून दोघांनी तो पत्रा दारासारखा उघडणारा केला. नळीवर जाड कापड गुंडाळले. जाळीशेजारी एक लांब दांड्याचा ब्रश अडकवला. आता माझी साफसफाई चहा उकळेपर्यंत आटोपायची. पुढे माझ्या धाकट्या बहिणी इतर तळांवर गेल्या, त्या सगळ्यांना जन्मापासून असे दार होते. मेजरसाहेबच त्यांची शिफारस करत, आणि भेटेल त्याला धगीचा बर्फ कसा होतो ते हातवारे करून समजावत.

मी पुष्कळ वर्षे काम केले. जवान बदलले, डॉक्टर बदलल्या, जनरेटरही नवा आला. दादा बरा होऊन पुन्हा टँकरवर रुजू झाला, पण त्याच्या फेऱ्या खूप कमी झाल्या होत्या. तो आला की आधी माझ्याकडे डोकावायचा. पानेवाला बदलीवर जाऊन पुन्हा त्याच तळावर परतला, तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

मग तो तळ मोडायचे ठरले. पोत्यांच्या भिंती उतरल्या, पत्र्याच्या खोल्या गाडीत चढल्या. माझ्या पोटातले स्पिरिट काळजीपूर्वक काढून घेतले. मी आता पुन्हा कधी बर्फ करणार नाही, हे सर्वांना माहीत होते. मला तंत्रशाळेत नेण्यासाठी दादाच गाडी घेऊन आला होता. त्याचीही ती शेवटची फेरी. माझ्याभोवती दोर आवळायची वेळ आली तेव्हा पानेवाला म्हणाला, "थांब जरा." त्याने माझे दार उघडले, ब्रश घेतला आणि जाळी साफ करू लागला. अगदी पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या पत्र्यापर्यंत, सावकाश.

दादाने विचारले, "आता कशाला रे? ही थोडीच चालणार आहे?"

"ठाऊक आहे," पानेवाला म्हणाला आणि ब्रश फिरवत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी असेल. भिंतीवरचा पंखा असेल, अंगणातली सायकल असेल, पाण्याचा पंप असेल. ती तक्रार करत नाहीत. फक्त थोडी मंद होतात, थोडी कुरकुरतात. तेव्हा "म्हातारी झाली" म्हणून त्यांच्यावर मोजे वाळत घालू नका. जवळ जा, वाकून पाहा, का असे झाले ते विचारा. तुम्ही टाळलेल्या एका छोट्या कामासाठी दूर कुठेतरी दुसऱ्याच कोणाला उन्हात चालावे लागते, आणि तो कोण हे तुम्हाला बहुधा कधीच कळत नाही.

दादा थोडा वेळ नुसता बघत उभा राहिला. मग त्याने हातातला दोर खाली ठेवला, गाडीतून एक फडके आणले आणि माझी दुसरी बाजू पुसायला घेतली.